ब्लॉक पाहणारे सुखदेवभाऊ

सुखदेवभाऊ शहारे जुना बुलडोझर पाहायला निघाले की पांढरा शर्ट घालत. नीळ दिलेला, कडक इस्त्रीचा, लग्नाच्या पंगतीला जावं तसा. संध्याकाळी आम्ही केशोरीला परतायचो तेव्हा त्याच्या बाह्यांवर तपकिरी ठिपके असायचे. सरूवहिनी तो शर्ट दोन बोटांत धरून बादलीकडे नेता नेता विचारायच्या, "पास का नापास?" आणि उत्तराची वाट न पाहता साबण घ्यायच्या. ठिपके असले म्हणजे नापासच.

ती त्यांची तपासायची पद्धत होती. इंजिन चालू करायला लावायचं, तेल भरायच्या तोंडाचं झाकण काढायचं आणि त्या तोंडावर आपली बाही धरायची. आतून झिजलेलं इंजिन तिथून धूर सोडतं आणि धुराबरोबर तेलाचे बारीक शिंतोडे.

"एखादं फडकं का नाही धरत, भाऊ?" मी एकदा विचारलं.

"फडकं इकनाराच आनून देते, सर. ते आधीचं मळकं आहे का आता मळलं, मले काय मालूम? शर्ट माहा घरचा आहे."

भाऊ आमच्याच गल्लीतले. त्यांची सारी उमर चंद्रपूरकडच्या उघड्या कोळसा खाणीत डोझर चालवण्यात गेली. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा लोकांना वाटलं, आता हा माणूस पारावर बसेल, धानाच्या बांधावर फिरेल. भाऊंच्या मनात दुसरंच होतं. उभ्या आयुष्यात दुसऱ्याची मशीन चालवली, आता एक आपली असावी. आमच्या भागात कामाला तोटा नव्हता. जुने तलाव नि शेतातल्या छोट्या तळ्यांसारख्या बोड्या गाळानं भरून आलेल्या, धानाच्या उंचसखल बांध्या सपाट करायच्या राहिलेल्या, आणि त्यासाठी मशीन यायची ती बाहेरून, भाड्यानं, तिच्या सवडीनं. नवा डोझर घेणं आपल्यासारख्याचं काम नव्हे. जुना घ्यायचा, पण पाहून.

हे 'पाहून' दोन वर्षांच्या वर चाललं.

मी गावातल्या हायस्कुलात शिकवतो. माझ्याकडे एक जुनी व्हॅन होती आणि रविवार मोकळा असायचा. म्हणून मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. पहिल्यांदा शेजारधर्म म्हणून गेलो, मग मजा म्हणून. व्हॅनमध्ये ते माझ्या शेजारी बसत आणि चढ आला की त्यांचा डावा हात आपोआप मांडीवरून पुढं सरके, जणू तिथं दांडा आहे. उतार आला की मागं. त्यांना ते ठाऊकही नसे. बुटके, रुंद, मान खांद्यात गेलेली. इतकी वर्षं मशीनवर काढल्यामुळे माणसाचं बोलणं त्यांना कमी ऐकू यायचं. मशीनचं मात्र दोन शेतं पलीकडून बरोबर ऐकू यायचं. शाळेच्या रस्त्यानं एखादा ट्रॅक्टर गेला की बोलता बोलता थांबत. "पंपाचं काम निघनार आहे त्याचं," म्हणत, आणि पुन्हा आपल्या बोलण्यावर येत. दर वेळी ते खरं ठरायचं असं नाही. पण चुकलं तरी त्यांना त्याची लाज नसे.

प्रमोद, त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा, त्यांच्याच घरात वाढला. त्यांना मूलबाळ नव्हतं. प्रमोद त्यांना मोठेबाबा म्हणायचा. तो फोनवर मशिनींचे व्हिडिओ मागवायचा. नागपूरकडचे व्यापारी इंजिन चालू करून, वर गाणं लावून व्हिडिओ पाठवत.

"मोठेबाबा, हे पाहा, एका हाकेत उठते."

भाऊ फोन लांब धरून पाहत आणि परत देत. "फोनमधी वास येत नाई, बापू."

नागपूरच्या बाहेर, हमरस्त्याला लागून, जुन्या मशिनींची यार्डं आहेत. तारेच्या कुंपणाआत पिवळ्या रंगाचं एक गावच वसलेलं असतं. तिथल्या एका व्यापाऱ्यानं आम्ही पोचायच्या आधी डोझर चालू करून ठेवला होता. "चाचा, इंजन मक्खन है," तो म्हणाला.

भाऊंनी दुरूनच वास घेतला. गरम तेलाचा वास होता. "मक्खन है तो ठंडा होने दो," ते म्हणाले आणि एक उलटी पेटी ओढून तिच्यावर बसले. गरम इंजिन कुणाचंही उठतं, त्यांना थंड इंजिन उठताना पाहायचं होतं. व्यापाऱ्याला वाटलं हा म्हातारा थट्टा करतो आहे. पण भाऊ उठेनात. आम्ही डबा खाल्ला. भाऊंनी गमछा तोंडावर घेऊन झोप काढली. व्यापारी दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा चिडून आला. "इतना टाइम तो लोग लड़की देखने में नहीं लगाते!"

"लड़की को मैंने पाँच मिनिट में हाँ बोला था," भाऊ म्हणाले. "वो खराब निकलती तो मैं सुधार लेता. ये मैं नहीं सुधार सकता."

उन्हं उतरल्यावर इंजिन चालू केलं. ते बराच वेळ नुसतं कण्हलं, मग पांढरा धूर ओकत उठलं. भाऊंनी व्यापाऱ्याला नमस्कार केला आणि व्हॅनकडे चालू लागले. घरी आल्यावर मी हे पाच मिनिटांचं वहिनींना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "खोटं बोलून राहिले, सर. तेवढेबी नाई. पोह्याची बशी ठेवली, खाऊन उठले, गेले. कोन सुधरलं ते त्याईलेच विचारा."

पण धूर, तेल, आवाज हे सगळं नंतरचं. भाऊ आधी ब्लॉक पाहत, म्हणजे इंजिनाचं ओतीव लोखंडी धड.

"तुमी लोक चेन पाहता, ब्लेड पाहता," ते गल्लीतल्यांना सांगत. "चेन बदलता येते. ब्लेड बदलता येते. ब्लॉक बदलला म्हंजे इंजिनच बदललं." आणि मग ते ब्लॉकच्या जाती सांगायला बसत. "मी मानसाची जात पाहत नाई. पन ब्लॉकची पाहतो."

एका संध्याकाळी प्रमोद वैतागला होता. इतक्या मशिनी पाहिल्या, मोठेबाबांना एकही पसंत पडेना. तो म्हणाला, "ब्लॉक म्हंजे लोखंडच ना? त्याच्यात काय पाहाचं आहे?" तेव्हा भाऊ त्याला हाताला धरून आमच्या अंगणातल्या विहिरीपाशी घेऊन आले. विहीर सिमेंटच्या रिंगांची आहे.

"ही पाह्य. भोक वेगळं, रिंग वेगळी. रिंग फुटली त काहाडून दुसरी टाकता येते. असा एक ब्लॉक राहते. पिस्टन ज्या नळीत वर-खाली होते ते नळी ब्लॉकमधी वरून बसवलेली. तिले म्हनते स्लीव्ह. झिजली, ओढून काहाडली, नवी बसवली. मोहाच्या झाडाखाली बसून होते ते काम."

"आन दुसरा?"

"दुसरा म्हंजे खडकात खोदलेली विहीर. रिंग नाई, काही नाई. पिस्टन सीधा ब्लॉकच्या अंगातच चालते. मजबूत राहते, बापू, मी त्याले वाईट म्हनत नाई. पन झिजला त पूरा ब्लॉक उचलून मोठ्या शहरात न्यावं लागते, मशीनवर चढवून भोकं मोठी करावं लागते. तेबी कितीदा करान? खडक संपला का विहीर संपली."

"मंग स्लीव्हवालाच चांगला म्हना ना!"

"तसं बी नाई." भाऊंनी विहिरीत डोकावून पाहिलं. "स्लीव्हच्या बाहेरून पानी खेळत राहते. तिले पानी चांगलं लागते. कूलंट लागते, म्हंजे दवा टाकलेलं पानी. तलावाचं पानी टाकलं का बाहेरून बारीक बारीक भोकं पडते, आन मंग एक दिवस पानी तेलात. एकाले शहर लागते, एकाले काळजी लागते. आपल्यापाशी शहर नाई."

त्यांचं निवडणं हे असं होतं. कुठला ब्लॉक चांगला, यापेक्षा कुठला ब्लॉक केशोरीत जगेल, हे ते पाहत.

म्हणूनच तुमसरकडची एक मशीन त्यांनी सोडली. एका विटभट्टीवाल्याची होती, घरच्यासारखी वापरलेली. शर्टाच्या बाहीवर एकही ठिपका उमटला नाही. थंड इंजिन एका फिरकीत उठलं. भाऊ तिच्याभोवती फिरत राहिले, खाली वाकून पाहत राहिले. मालक भला माणूस होता, घासाघीस करत नव्हता. पण ब्लॉक बिनास्लीव्हचा होता. आम्ही परत आलो. पुढच्या महिन्यात भाऊ म्हणाले, "एकदा पुन्हा पाहून येऊ." गेलो. परत आलो. आणखी एकदा गेलो, तेव्हा त्यांनी ती स्वतः चालवून पाहिली, भट्टीमागच्या मोकळ्या जागेत. ब्लेड जमिनीला असं लावलं की वरचा पापुद्रा तेवढा निघाला, खालची माती हलली नाही. उतरले तेव्हा चेहरा पोरासारखा झाला होता. मला वाटलं, आता घेतात. त्यांनी मालकाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमची मशीन सोनं आहे, भाऊ. पन आमच्या गावाले सोनार नाई."

 परतीच्या वाटेवर चढ आला तेव्हा त्यांचा हात हलला नाही.

शेवटी मिळाली ती दिसायला अगदीच गयाळ होती. रंग उडालेला, खुर्चीतून स्प्रिंगा वर आलेल्या. पण सहा स्लीव्हांचा ब्लॉक, आणि शर्ट जसा गेला तसा परत आला. वहिनींनी त्या दिवशी बाही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "बाप्पा! आता मी धुऊ काय?"

ट्रेलरवरून मशीन उतरली तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. भाऊंनी तिच्यापुढं मेणबत्ती लावली, सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, वहिनींनी खीर वाटली. मग भाऊंनी प्रमोदला खाली उभं केलं आणि सगळ्यांसमोर एकच नियम सांगितला. या मशीनमध्ये पाणी फक्त ते स्वतः टाकतील. डिझेल कुणीही टाका, ग्रीस कुणीही भरा. पाणी नाही.

हा नियम त्यांनी पाळला, आणि त्यापायी माणसंही दुखावली. नवेगाव बांधच्या अलीकडे एका बोडीचा गाळ काढत होते. मे महिना, ऊन असं की पत्रा चटके देई. रेडिएटरमधलं कूलंट कमी झालं. जवळचा डबा संपलेला. समोर बोडीत पाणी होतं, बादली होती. बोडीचा मालक म्हणाला, "टाका ना जी दोन बादल्या, पानी ते पानीच." भाऊंनी मशीन बंद केली आणि मोहाखाली बसले. प्रमोद मोटारसायकलनं अर्जुनीला गेला, तिथं मिळालं नाही, मग साकोलीला गेला. तो परत येईपर्यंत दिवस गेला. मालक लोकांसमोर वाट्टेल ते बोलला. भाऊ ऐकत राहिले, किंवा त्यांना ऐकूच आलं नसेल. प्रमोद आला तेव्हा घामानं न्हालेला होता. तो भाऊंवर ओरडला, "सारी दुनिया पानी टाकते, मोठेबाबा! तुमचीच मशीन पाटलीन आहे काय?"

भाऊ म्हणाले, "हव."

तो एक हंगाम आणि दुसरा अर्धा. तेवढंच सुख त्यांच्या वाट्याला आलं.

एका सकाळी ते चहाचा कप घेऊन उठले आणि कप हातातून पडला. त्यांनी तो पडलेला पाहिला आणि मग स्वतःच त्याच्या शेजारी पडले. उजवी बाजू गेली. वहिनींची हाक ऐकून मी धावलो. त्यांना व्हॅनमध्ये आडवं घातलं. केशोरीहून गोंदिया किती लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं तो रस्ता मी नकाशातला समजत होतो. वहिनी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पूर्ण वाटेत एकच म्हणत होत्या, "बोला ना जी. काहीबी बोला."

गोंदियाहून पुढं नागपूरला नेलं. जीव वाचला. पाय हळूहळू काठीच्या आधारानं चालू लागला. बोली आली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, ऐकू येतं, बरंचसं समजतं, पण शब्द बाहेर येण्याची वाट बंद झाली आहे. हो आणि नाही यांचाही घोळ होईल. कधीमधी एखादा शब्द निसटेल, पण जो हवा तोच निसटेल असं नाही. एवढा बोलणारा माणूस! सुरुवातीला ते बोलायचा प्रयत्न करत. ओठ जुळवत, मान ताणत, आणि तोंडातून लांब, एकसुरी आवाज येई. मग तो आवाज त्यांच्या स्वतःच्याच कानावर पडे, आणि ते थांबत. ते थांबणं पाहवत नसे.

मशीन प्रमोद चालवू लागला. त्यानं ती वाईट चालवली असं मी म्हणणार नाही. भाऊंनी सांगितलेलं तो जमेल तसं करायचा. कूलंटचे डबे आणून ठेवायचा. पण घरात दवाखाना होता, गोळ्या होत्या, आणि काम थांबवणं परवडणारं नव्हतं.

त्या दिवशी तो गल्लीमागच्याच शेतात बांधी सपाट करत होता. मी अंगणात मुलांच्या वह्या तपासत बसलो होतो. समोर भाऊ त्यांच्या ओसरीवर खुर्चीत. मशीनचा आवाज सकाळपासून येत होता, मला त्यात काहीच वेगळं वाटत नव्हतं. एकाएकी भाऊ खुर्चीत सरळ झाले. मान तिरपी केली. मग डावा हात खुर्चीवर आपटू लागले.

वहिनी आतून आल्या. "काय पाह्यजे? लघवीले जाचं आहे? ऊन लागून राहिलं?"

भाऊंचे ओठ जुळत होते, सुटत होते. मी वही ठेवून तिकडं गेलो. चेहरा लाल झाला होता, कपाळावरची शीर उभी राहिली होती. आणि अचानक, इतक्या महिन्यांनी, स्वच्छ शब्द आला.

"पानी."

वहिनींच्या हातातलं सूप खाली पडलं. त्या रडायलाच लागल्या. "बोलले! सर, आईकलं ना तुमी? बोलले!" धावत जाऊन त्यांनी पेला भरून आणला आणि त्यांच्या तोंडाला लावला. भाऊंनी डाव्या हातानं पेला उडवून दिला. पाणी आमच्या तिघांच्या अंगावर सांडलं.

"पानी," ते ओरडले. "पानी. पानी."

वहिनींनी दुसरा पेला आणला. भाऊंनी मान फिरवली. हात मागच्या शेताकडे. तेव्हा वहिनींना उमगलं. आम्हा दोघांना एकदमच उमगलं, पण त्या आधी हलल्या. परसात धावत गेल्या आणि कुंपणावरून ओरडल्या, "प्रमोद! अरे, पानी म्हनून राहिले ते! मशीनचं पानी पाह्य!"

मी मागोमाग पोचलो तेव्हा मशीनमधून पांढरी वाफ निघत होती. रेडिएटरची नळी कुठंतरी फाटली होती, पाणी केव्हाच गळून गेलं होतं, आणि इंजिन कोरडं तापत चाललं होतं. प्रमोदनं ते बंद केलं. उडी मारून उतरला. शेताच्या कडेला मोटर चालू होती, तिच्या गार पाण्याची बादली त्यानं भरली आणि फडक्यानं झाकण उघडून तापलेल्या इंजिनात ओतली.

आवाज मोठा नव्हता. पत्र्यावर दगड पडावा तेवढाच.

ब्लॉक फुटला होता. दोन स्लीव्हांच्या मधून, वरपासून खालपर्यंत. स्लीव्ह बदलता येतात, त्यांच्यामधलं लोखंड बदलता येत नाही.

मी परत आलो तेव्हा भाऊ खुर्चीत मागं टेकले होते. आवाज त्यांनी ऐकला होता. ओला सदरा अंगाला चिकटलेला, हात मांडीवर. 

नंतर वहिनींनी मला कितीदा तरी विचारलं. भांडी घासता घासता, धान पाखडता पाखडता मध्येच थांबून विचारायच्या. "सर, ते 'पानी टाक' म्हनत होते, का 'पानी टाकू नको' म्हनत होते?"

मी म्हणायचो, "पाणी संपलं, एवढंच म्हणत असतील."

"त मंग मी काऊन ओरडली असन?"

"तुम्ही नुसतं पाहायला सांगितलं, वहिनी. इंजिन तर आधीच तापलं होतं."

त्यांना ते पटत नसे. त्या भाऊंनाही विचारायच्या. समोर बसून, त्यांचा चांगला हात हातात घेऊन, "टाक म्हनत होते का जी?" भाऊ मान हलवायचे. "टाकू नको म्हनत होते?" भाऊ तशीच मान हलवायचे. तो शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही. दुसराही आला नाही.

फुटका डोझर भंगारात गेला. काही महिन्यांनी प्रमोदनं दुसरा घ्यायचं ठरवलं. मला सांगायला आला तेव्हा म्हणाला, "सर, मोठेबाबाले न्यायचं आहे संगं. त्याईनं पाहिल्याशिवाय मी मशीन घेनार नाई." त्याचे डोळे भरले होते. घरातलं कुणीही भाऊंवर त्याच्याइतकी माया करत नसेल. त्यानं व्हॅनच्या सीटवर गादी घातली, मानेखाली उशी दिली, आणि वाटेत दर थोड्या वेळानं वळून विचारत राहिला, "बरं वाटून राहिलं ना, मोठेबाबा?"

नागपूरच्या एका यार्डात दोन मशिनी शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक जुनाट, चिखलानं माखलेली, स्लीव्हच्या ब्लॉकची. दुसरी ताज्या पिवळ्या रंगाची, बिनास्लीव्हची. प्रमोद वाटेतच मला म्हणाला होता, "या बारीले स्लीव्ह नको. त्या पान्याच्या भानगडीनंच घात केला." त्याचं मन झालेलंच होतं, फक्त भाऊंचा हात ठेवून घ्यायचा होता.

आम्ही दोघांनी भाऊंना धरून उतरवलं. ते काठी टेकत, पाय ओढत आधी जुन्या मशीनपाशी गेले. थोडा वेळ पाहिलं. मग पिवळ्या मशीनच्या बाजूला आले, काठी माझ्याकडे दिली आणि डावा तळवा ब्लॉकवर ठेवला. मधोमध नाही, खालच्या अंगाला, जिथं हात जायला वाकावं लागतं. वाकले. तळवा तिथंच दाबून धरला. काढला नाही. त्यांचा सगळा भार त्या हातावर आला होता.

"हात ठेवला!" प्रमोद म्हणाला. "आशीर्वाद देऊन राहिले. सर, पास झाली मशीन!"

व्यापारी म्हणाला, "बुज़ुर्ग का हाथ लग गया, अब क्या देखना."

मी खाली बसलो. "थांब, प्रमोद. भाऊ काही सांगत असतील." त्यांच्या चेहऱ्याजवळ तोंड नेऊन विचारलं, "भाऊ, चांगली आहे?" त्यांनी मान हलवली. "भाऊ, इथं काही खराब आहे?" त्यांनी मान हलवली. तशीच. डोळे मात्र माझ्या डोळ्यांतून हलत नव्हते. मी त्यांचा तळवा हळूच बाजूला करून पाहिलं. नखानं खरवडलं. मला पिवळ्या रंगाशिवाय काही दिसलं नाही. प्रमोदही वाकला, त्यानंही पाहिलं. "काही नाई, सर," तो म्हणाला, "गुळगुळीत आहे." तो घाई करत नव्हता. त्याला खरंच काही दिसलं नाही. मलाही नाही.

सौदा झाला. ती मशीन आजही चालते आहे, परवा मी तिला केशोरीच्या वेशीवर पाहिली. ती किती दिवस चालेल ते मला ठाऊक नाही. सांगू शकणारा माणूस त्या प्रवासानंतर दोनच आठवड्यांत गेला. मी तेव्हा परीक्षेच्या कामावर बाहेरगावी होतो. माझ्यासाठी भाऊ त्या परतीच्या वाटेवरच संपतात.

त्या दिवशी सौदा होताच व्यापाऱ्यानं पेढ्यांचा पुडा मागवला होता. प्रमोदनं त्याच्या पाया पडल्यासारखं केलं, माझ्या हातावर पेढा ठेवला. मग व्यापारी व्हॅनपाशी आला. भाऊंना आम्ही तोवर आत बसवलं होतं. खिडकीतून हात घालून "मुँह मीठा करो, चाचा," म्हणत त्यानं अख्खा पेढा त्यांच्या तोंडात सरकवला. भाऊंनी मान मागं घेतली, पण मागं सीट होती.

आम्ही निघालो. प्रमोद मागं बसून फोनवर घरी सांगत होता, वहिनींना, मित्रांना. भाऊ माझ्या शेजारी. मी गाडी चालवता चालवता पाहत होतो. त्यांचा गाल फुगलेला होता. ते चावत नव्हते, गिळत नव्हते. मला भीती वाटली, घशात अडकेल. भंडारा मागं पडलं. साकोलीला मी गाडी कडेला घेतली, त्यांच्या बाजूला गेलो, दार उघडलं आणि त्यांच्या हनुवटीखाली तळहात धरला.

"भाऊ, टाकून द्या."

त्यांनी तोंड उघडलं. पेढा जसा गेला होता तसाच, अख्खा, माझ्या हातावर आला.

मागून प्रमोदनं विचारलं, "काय झालं, सर? गोड नाई चाललं काय त्याईले?"

भाऊ माझ्याकडे पाहत होते.

"नाही चाललं," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटून घेतले.